गावाबाहेरचे चार दिवस

मी जोतीराम. सुरतेत गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळायचं काम करायचो. चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात तिथे प्लेग आल्याचा गलका झाला आणि मिळेल त्या गाडीने मी खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावाकडे निघालो. वाटेतच ताप भरला. वेशीपाशी उतरलो, तर बातमी माझ्या आधी पोचलेली. सख्ख्या भावाने लांबूनच हात केला. "दादा, आत येऊ नगंस. घरात पोरं हायती." माझं डोकंच फिरलं, पण भांडायला अंगात त्राण कुठे होतं?

माळावर हरणाबाई राहायची. धनगराची, नव्वदीला टेकलेली, तोंडाने फटकळ. आमचं नातं ना गोतं. तिने मेंढरांच्या वाड्यालगतच्या खोपीत मला घोंगडं टाकून दिलं आणि पाणी घेऊन जवळ आली.

"आजी, लांब ऱ्हावा. पिलेग आसंल," मी म्हणालो.

"आजारी मेंढरू येगळं बांदत्यात, पर पाणी त्येलाच आदी पाजत्यात. गप पी."

दुपारी तालुक्याचे डॉक्टर आले. रक्त घेतलं, कॅप्सूल दिल्या. म्हातारी सावली बघून वेळ ठरवायची आणि प्रत्येक कॅप्सूल आधी स्वतःच्या कपाळाला लावायची. तापातही मला हसू यायचं.

"हसतूस काय? आमच्या टायमाला ह्ये न्हवतं," ती डाफरली. "उंदीर पडलं की गाव माळावर, आन आजारी मानूस घरात एकला. आता गाव आत, तू भाईर. माणसं तीच हायती, गोळी तेवढी नवी."

चौथ्या दिवशी निरोप आला. हिवताप होता, प्लेग नव्हताच. भाऊ धावत न्यायला आला. मी म्हातारीचे पाय धरले. "आजी, तुमचं उपकार कसं फेडू?"

तिने मला उठवून शेजारी बसवलं.

"माजा थोरला भाऊ, सिद्धू. त्येला पिलेगाची गाठ आली. आमी समदी माळावर, त्यो घरात. दीसभर पाणी मागत हुता, हाका हितवर यायच्या. मी सात वरसांची. निगाले, तर आयनं धरून ठिवलं. आय वाईट न्हवती, भ्याली हुती. ह्यो तुजा भाऊबी भ्यालाच." तिने पदराने डोळे पुसले. "तू पाणी प्यालास तवा लय बरं वाटलं, बाबा. उपकार तुजंच."

भाऊ खाली मान घालून उभा होता. त्याला घेऊन मी घरी गेलो.