पाठ फिरवल्यावर

मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या जहाजाची स्वस्तातली सफर बायकोनं मोबाइलवर शोधली. बिनखिडकीची खोली सगळ्यात स्वस्त होती. तिनं एजंटला फोन करून भाव कमी करायला सांगितलं. तो नाही म्हणताच "राहू द्या मग" म्हणून फोन ठेवला.

"आता तो एजंटच फोन करते, पाहा," ती मला म्हणाली. आमच्या दारव्ह्याच्या आठवडी बाजारात ती अशीच पाठ फिरवते आणि मागून हाक येतेच.

एजंटचा फोन आलाच नाही. जहाजाचा भाव मात्र वाढला. एवढा बिनघोर विकणारा मी पहिल्यांदाच पाहिला.

पुढच्या बाजारात बायकोनं पाठ फिरवताच वांगेवालीनं हाक मारली, "या न बाई, तुमच्या भावानं घ्या."

बायको वळली आणि वांगेवालीनं सांगितलेल्या पहिल्याच भावानं वांगी घेतली.