हाडांचं खोकं आणि पितृपंधरवडा

मैत्रिणींनो, आज सकाळी शेजारची श्रुती माझ्या दारात उभी राहिली. मेडिकलचं पहिलं वर्ष, परीक्षा पंधरा दिवसांवर आणि हातात पुठ्ठ्याचं खोकं. "काकू, आजी म्हणते, पितृपंधरवड्यात माणसाची हाडं घरात नकोत. मी अभ्यास कसा करू?"

मला सत्तरच्या दशकातली दापोडी आठवली. आमचं एका खोलीचं घर आणि पलंगाखाली सीनियर मुलीकडून आणलेली हाडं. तोंडी परीक्षेत परीक्षक हातात हाड देऊन डावं की उजवं ते विचारायचे, म्हणून मी डोळे मिटून चाचपत बसायचे. शेजारच्या मावशींनी ते पाहिलं आणि सार्वजनिक नळावर जाहीर केलं, "मढ्याची हाडं हायेत त्यांच्या घरात. हितं पाण्याला यायचं न्हाई."

बाबा तेव्हा कारखान्यातून पहिली पाळी करून आले होते. बादली घेऊन थेट नळावर गेले. "वहिनी, हाडं तुमच्याही अंगात आहेत. मोडली की माझ्या पोरीलाच हाक माराल." बादली भरेपर्यंत ते हलले नाहीत.

आज मी श्रुतीच्या आजींना फोन केला. म्हटलं, खोकं परीक्षेपर्यंत माझ्याकडे राहील, आणि श्रुतीही.

"तुमच्याकडे पितर नाहीत वाटतं?"

"आहेत ना. परवाच बाबांचं पान वाढायचंय. पोरगी अभ्यास करताना दिसली तर ते दोन घास जास्त जेवतील."

तुमच्या घरात मुलीच्या अभ्यासाला एखादी तिथी आडवी आली, तर तुम्ही कोणाची बाजू घ्याल?