चुनखडीवरच्या बाई

आमच्या लीड्सच्या हॉस्पिटलात सुट्ट्या वाटताना मुलंबाळंवाल्यांना उन्हाळा मिळतो आणि उरलेल्यांना जानेवारी. त्यामुळे पुण्याहून आलेल्या सासूबाईंना यॉर्कशायर डेल्स दाखवायला मी नेलं, तेव्हा अख्ख्या नॅशनल पार्कात आम्ही दोघी, मेंढ्या आणि वारा. कॅफे बंद, माहिती केंद्र बंद, टॉयलेटलासुद्धा कुलूप.

"ऑफ-सीझन आहे ना आई, सगळं क्लोज्ड. परत जाऊ या?" मी आशेनं विचारलं.

"डोंगराला कसली गं सुट्टी?" म्हणत त्या गाडीतून उतरल्यासुद्धा. साडी, आत थर्मल, वर माझ्या नवऱ्याचं जॅकेट आणि माकडटोपी.

मला धास्ती होती ती त्यांच्या गुडघ्याची. माथ्यावरचा चुनखडीचा खडक बघायला उभ्या, ओल्या दगडी पायऱ्या चढायच्या होत्या. पण रविवारी त्यांचं परतीचं विमान होतं, आणि पुन्हा एवढा प्रवास त्यांना झेपणार नाही हे दोघींनाही माहीत होतं. तीस वर्षं त्यांनी शाळेत भूगोल शिकवला. पाण्यानं झिजून भेगाळलेल्या चुनखडीची आकृती त्या डोळे मिटून फळ्यावर काढायच्या. प्रत्यक्षात ती कधी पाहिलीच नव्हती. नेलं नसतं तर जन्मभर त्यांचं ऐकावं लागलं असतं, आणि पडल्या असत्या तर नवऱ्याचं.

दर दहा पायऱ्यांना त्या थांबायच्या. "दमले नाहीये, निरीक्षण करतेय," असं मला बजावायच्या. एका थांब्यावर त्यांच्या पिशवीतून तिखटमिठाच्या पुऱ्या निघाल्या. डबा नको, तिथे कॅफे आहे, असं सकाळी मीच ठणकावलं होतं. त्यांनी नुसती पुरी पुढे केली. मी मुकाट्यानं तीन खाल्ल्या.

शेवटी पोचलो. करड्या खडकाचे ओबडधोबड तुकडे आणि मधे खोल भेगा, थेट कड्यापर्यंत. "मी भेगा फारच सरळ काढायचे," त्या म्हणाल्या. मग खाली बसून एका भेगेत डोकावल्या, त्या उठेचनात.

"आई, गुडघा?"

"गुडघ्याचं जाऊ दे. हे बघ."

आत, वाऱ्यापासून लपून, नेचं उगवलं होतं. भर जानेवारीत हिरवंगार.

"या खडकावर काही उगवत नाही असं शिकवलं मी. दर वर्षी. एका मुलीनं पेपरात लिहिलं, भेगेत उगवत असेल. मी तिचा अर्धा मार्क कापला." मला वाईट वाटत होतं, आणि हसूही आवरत नव्हतं.

त्यांनी भेगेत कोपरापर्यंत हात घातला. "फोटो काढ." तो फोटो तिथेच बसून, गारठलेल्या बोटांनी, त्यांनी जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: 'मी चुकीचं शिकवलं. दुरुस्त करून घ्या.'

पुण्यात तेव्हा संध्याकाळ होती. पन्नाशीचे इंजिनियर, एक तहसीलदार, एक नुकतीच आजी झालेली, सगळ्यांची एकामागोमाग एक तीच उत्तरं येऊ लागली.

'हो, बाई.'