खिडकीएवढा सम्राट

कर्जतच्या पेठेत फक्रुद्दीनचाचांचा जुना फोटो स्टुडिओ होता. लांबलचक ग्रुप फोटो काढावा तर त्यांनीच. कॅमेरा स्टँडवर थोडा थोडा फिरवत तीन फोटो घ्यायचे आणि जोड दिसणार नाही असे चिकटवायचे. त्र्याण्णवच्या भीमजयंतीला विहारासमोर अख्खी वस्ती त्यांनी अशीच एका फोटोत बसवली.

"हलू नका रे! हलेल तो भूत होऊन येईल!" ते नेहमीसारखे ओरडले.

"भूत आलं तर तुमच्याच दुकानात टांगा की, चाचा!" कडेला उभा असलेला सम्राट म्हणाला, आणि सगळे हसले.

त्याच पावसाळ्यात, नागापूरच्या ज्या कारखान्यात तो कामाला होता, तिथे प्रेस मशीनखाली सापडून सम्राट गेला.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या विधीआधी त्याची आई भागिरथीबाई दुकानात आल्या. हातात रिकामी फ्रेम होती, घरातल्या बाबासाहेबांच्या फ्रेमच्या मापाची.

"त्यांच्या शेजारी लावायचाय, भाई. फ्रेम भरंल एवढा करा. त्या लांब फोटोबिगर त्याचा दुसरा फोटोच न्हाई."

चाचांनी चेहरा फ्रेमभर मोठा केला. निगेटिव्हमध्ये तो तिळाएवढा. कागदावर त्याचे नुसते काळे-पांढरे दाणे झाले.

"ह्यो माझा न्हाई," भागिरथीबाई म्हणाल्या. "धुक्यातलं कोन हाय ह्ये?"

चाचा पुन्हा डार्करूममध्ये गेले. चेहरा लहान लहान करत आणला. काड्यापेटीएवढा झाला तेव्हा कुठे लख्ख दिसला, आणि चाचांचा हात थांबला. हसताना सम्राटची पापणी लवली होती. डोळे मिटलेले होते. मोठ्या फोटोत डोळ्यांच्या जागी नुसती सावली होती, म्हणून कळलं नव्हतं.

आता दाखवावा की नको? बाहेर ती माउली बाकावर बसून होती.

अखेर त्यांनी फ्रेमच्या मापाचा काळा पुठ्ठा घेतला, मधोमध फोटोएवढीच खिडकी कापली आणि फोटो मागून बसवला.

"आक्का, याच्यापेक्षा मोठा केला की तो राहत नाही. पण... डोळे मिटलेत."

भागिरथीबाईंनी फ्रेम अगदी नाकाजवळ नेली.

"व्हय, ह्योच. झोपला की असाच दिसायचा." फ्रेम तशीच धरून त्या म्हणाल्या, "सुट्टीला आल्ता. त्या दिशी कामावर जायच्या पहिल्या गाडीला उठंना. मीच हलवून उठवला."

चाचांनी फ्रेम परत घेतली आणि ते मागचे खिळे ठोकू लागले, आवाज होणार नाही इतक्या हळू.