रॅडिकलच्या कार्डावरची टिक

दिल्लीतल्या एका सरकारी कार्यालयात मी परिभाषा कोशाचं काम करायचो. इंग्रजी शब्दांना मराठी प्रतिशब्द ठरवायचे, एवढंच. पगार मराठीचा आणि दिवसभर बोलणं हिंदीत. शब्दांवरून शिकलीसवरलेली माणसं हमरीतुमरीवर येतात, हे मला तिथे गेल्यावर कळलं.

‘रॅडिकल’वरून तर तीन बैठका झाल्या. राजकारणात रॅडिकल म्हणजे जहाल, सगळं मुळापासून बदलू पाहणारा. रसायनशास्त्रात तो अणूंचा एक गट. त्यातल्या मुक्त रॅडिकलचा एक इलेक्ट्रॉन जोडीविना राहिलेला असतो, म्हणून तो भेटेल त्याला चिकटायला धावतो. रसायनाची यादी करणाऱ्या बाई गाझियाबादहून मेट्रोने यायच्या. त्या वर्षभराच्या करारावर होत्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं: राजकारणाला ‘जहाल’ आणि रसायनाला ‘मूलक’, कारण मुलं पुस्तकात तेच वाचतात. आमचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त प्राध्यापक. एका इंग्रजी शब्दाला एकच मराठी शब्द, मग विषय कुठलाही असो, हा त्यांचा हट्ट. त्यांनी दोन्हीकडे ‘मूलगामी’ बसवला.

“सर, मुक्त मूलगामी म्हणजे काय? जामिनावर सुटलेला पुढारी?” बाईंनी भर बैठकीत विचारलं. सगळे हसले. अध्यक्ष हसले नाहीत. ज्याचा शब्द पडेल त्याचा करार पुढच्या वर्षी होणार नाही, एवढंच ते म्हणाले.

त्या संध्याकाळी बाई आणि मी मेट्रो स्टेशनपर्यंत बरोबर चालत गेलो.

“उद्या तुम्ही माझ्या बाजूने आहात ना, सर? नोकरीची गरज आहे हो मला. पण मुलांना चुकीचं कसं शिकवू?”

“अहो मॅडम, बिल्कुल! शब्द तुमचाच बरोबर आहे. मी आहे ना.”

बोलताना मला फार बरं वाटलं होतं. बोलाची कढी आणि बोलाचाच भात, त्यात माझं काय जात होतं?

आमच्याकडे निर्णयाची एक पद्धत होती. तज्ज्ञाला ‘जरा चहा घेऊन या’ म्हणून बाहेर पाठवायचं. मग शब्दाचं कार्ड पाच सदस्यांमध्ये फिरायचं. मान्य असेल तर टिक, नसेल तर फुली. सही नाही, चर्चा नाही. आत कोणी काय केलं हे तज्ज्ञाला कधीच सांगायचं नाही, फक्त आकडा सांगायचा.

अध्यक्षांच्या ‘मूलगामी’चं कार्ड सगळ्यात शेवटी माझ्याकडे आलं. त्यावर दोन टिका होत्या आणि दोन फुल्या. फुल्या करणारे माझ्या शेजारचे दोघे म्हातारे सदस्य बाईंना धड ओळखतही नव्हते. माझ्या मुदतवाढीची फाइल त्याच आठवड्यात अध्यक्षांच्या शिफारशीसाठी गेली होती. मुदतवाढ हुकली असती तर सरकारी क्वार्टर सोडावं लागलं असतं, आणि मुलगी बारावीला होती. ही कारणं मी स्वतःला इतक्या वेळा सांगितली आहेत की आता माझी मलाच शिसारी येते. अध्यक्ष समोर बसून चष्मा पुसत होते. मी टिक केली.

बाई आत आल्या, तीन टिका आणि दोन फुल्या हा आकडा ऐकला, आणि माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. दोनातली एक फुली माझी समजून माझे आभार मानत होत्या त्या! मीही मान हलवली. महिन्याभराने त्यांचं येणं बंद झालं आणि मला मुदतवाढ मिळाली.

गेल्या संक्रांतीला त्यांचा फोन आला, “गाझियाबाद काही लांब नाही, सर, याच.” गेलो. त्या आता घरीच अकरावी-बारावीचे क्लास घेतात. तासभर उभ्याने शिकवून पाय सुजतात, असं हसत म्हणाल्या. मग त्यांनी आतून यजमानांना बोलावलं.

“अहो, हेच ते सर. माझ्यासाठी त्या अध्यक्षांशी वाकडं घेतलं होतं यांनी.”

ते गृहस्थ उठून उभे राहिले आणि त्यांनी मला नमस्कार केला. 

“नाही हो, मी काहीसुद्धा केलं नाही,” मी म्हणालो. त्या सगळ्या प्रकरणात खरं बोललेलं माझं हे एकच वाक्य.

“बघा, किती साधे आहेत,” बाई म्हणाल्या, आणि माझ्या ताटात आणखी एक गुळाची पोळी वाढली, वर तूप.

मी ती खाल्ली.