कापलेल्या वेलीचा मांडव

सप्टेंबरची एकोणतीस तारीख, शुक्रवार. परसातल्या मांडवाखाली मी दोडके तोडत होते. पितृपक्ष लागत होता, आणि या पंधरवड्यात आदिलाबादच्या बाजारात दोडक्याला, गवारीला जो भाव मिळतो तो एरवी मिळत नाही. टोपली अर्धी भरली असेल, तेवढ्यात दीनाताईंनी खोलीच्या खिडकीतून हाक मारली.

"शोभा, आज संध्याकाळी माझा मांडव."

मला वाटलं, तापात बोलतात. "कोजागिरीला महिना हाय अजून, ताई."

"कोजागिरीला आहे. माझा सण आज आहे."

आवाज बसलेला होता, पण भ्रम अजिबात नव्हता.

दीनाताई गेल्याला आता काही आठवडे झाले. त्या आमच्या तामसीच्या दवाखान्यात नर्स म्हणून आल्या, आमच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहिल्या, रिटायर झाल्यावरही तिथंच राहिल्या. मूळच्या कोकणातल्या, बेने इस्राएली. म्हणजे आपल्यासारखंच मराठी बोलणाऱ्या ज्यू. पण नर्स आणि नाव दीना, एवढ्यावर गावानं त्यांना ख्रिश्चन ठरवलं. नाताळला कोणी ना कोणी दारात उभं असायचं. "केक हाय का, सिस्टर?" ताई म्हणायच्या, "केक पुढच्या गल्लीत. माझ्याकडे नारळाच्या दुधाची खीर, तीसुद्धा माझ्या सणाला."

तो सण मांडवाचा. त्यांच्या भाषेत सुक्कोथ. दरवर्षी आमच्या गच्चीवर बांबू उभे राहायचे, तीन बाजूंना जुन्या साड्या आणि वर सिंदीची झावळं, तीही अशी विरळ की चांदण्या दिसल्या पाहिजेत. पहिल्या वर्षी माझ्या सासूबाईंनी कमरेवर हात ठेवून विचारलं होतं, "चांगलं स्लॅबचं घर असून तुमी काऊन उघड्यावर बसून राह्यल्या?" ताईंनी त्यांनाच ताट वाढलं आणि सांगितलं. त्यांचे पूर्वज मिसर म्हणजे इजिप्त देशातल्या गुलामीतून सुटले आणि चाळीस वर्षं रानात अशाच झोपड्यांतून राहिले. हाच पीक घरात येण्याचाही काळ. धान्य घरात आलं की माणसाला आपलं घर फार पक्कं वाटायला लागतं. म्हणून सात दिवस कच्च्या छपराखाली जेवायचं, आणि तेही आनंदानं.

सण येतो त्यांच्या मोठ्या उपासानंतर पाचव्या दिवशी, पुनवेला. बहुतेक वर्षी ती नेमकी कोजागिरीची पुनव असते. त्यामुळे आमचं मसाला दूध त्यांच्याच मांडवात व्हायचं आणि झावळं आणायचा माझा हिशेब कोजागिरीवरच बसलेला. यंदा अधिक श्रावण आला आणि आमचे सण महिनाभर पुढे गेले. त्यांच्या पंचांगातही अधिक महिना असतो, पण तो आपल्या सोबतीनं येत नाही. त्यांचा यंदाचा अजून यायचा आहे. आधीच्या अशा वर्षी ताई आठवण द्यायच्या. या वेळी त्या दवाखान्यात होत्या. दोन दिवसांपूर्वीच डॉक्टरांनी घरी पाठवलं होतं. का पाठवलं, ते नर्सला सांगावं लागत नाही.

"मला एक घास मांडवात खायचाय," त्या म्हणाल्या. "बाकीचे दिवस मिळाले तर बोनस."

सिंदीची झाडं नाल्यापलीकडे, आणि नाला दुथडी भरलेला. मागच्या सालच्या तुराट्या चुलीत गेलेल्या, नवी तूर शेतात हिरवी. घरी आम्ही तिघी बायका. बांबू रोवायला माणूस नाही आणि गच्चीचा जिना ताईंना चढवणार नाही. वर आभाळ दाटत चाललेलं. मी म्हटलं, "हा दोडक्याचा मांडव तयारच हाय. एका बाजूला भिंत, दोन बाजूंना साड्या बांधते. बसा त्याच्याखाली."

"नाही चालत. वेल जमिनीतून जगतेय. छपराचं जे असेल ते कापलेलं पाहिजे." मग लगेच, "राहू दे, शोभा. आजारी माणसाला सूट असते."

सूट असते हे त्यांनी मला पटवण्यासाठी सांगितलं, की स्वतःला... मी विचारत बसले नाही. वेलीकडे बघितलं. वर पिवळी फुलं, खाली बोटाएवढे दोडके, सगळा पंधरवडा अजून पुढे. मी विळा घेतला. तोवर सासूबाई ओसरीवरून ओरडल्या, "अवं, बहरातली वेल! अन् पितरांच्या दिवसात कोणी सणाचा मांडव घालते का?"

ताई खिडकीच्या गजाला धरून उभ्या होत्या. धाप लागत होती. "आजी, या मांडवात आमचेही पितर येतात. सात दिवस, रोज एकाला बोलवायचं. अब्राहाम, इसहाक, याकोब..."

सासूबाई ओसरीच्या कडेला आल्या. "जेवाले?"

"जेवायलाच."

"मंग आधी नाही का सांगाव?" त्या खाली उतरल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "उभी काऊन? काप."

मी बुडाशी विळा घातला. एक आळं, दुसरं, तिसरं. खिडकीतून सूचना आली, "नुसतं कापून नाही भागत. उचल आणि परत ठेव. म्हणजे ते आपण घातलेलं छप्पर होतं." मी स्टुलावर चढून वेल ओंजळी-ओंजळीनं उचलत गेले आणि परत टाकत गेले. दिवस मावळायच्या आत सगळं उरकायला हवं होतं, कारण शुक्रवार. सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ, म्हणजे काम न करण्याचा दिवस, आणि सण एकदमच लागणार होते. सासूबाई साड्यांच्या गाठी मारत होत्या. गडगडायला लागलं.

ताईंना दोघींनी उचलूनच खुर्चीत बसवलं. त्यांनी मेणबत्त्या लावल्या, डोळ्यांवर हात धरले. डोळे उघडले तेव्हा पहिले थेंब पडले. मी ताडपत्री घेऊन स्टुलावर पाय ठेवला.

"टाकू नको."

"भिजाल, ताई. छातीत कफ हाय."

"ती टाकलीस तर मला घरातच बसवलंस. पाऊस आला तर आत जायची परवानगी आहे आम्हाला. छप्पर पक्कं करायची नाही. आधी घास."

मी ताडपत्री हातात धरून तशीच उभी. त्या हळूहळू प्रार्थना पुटपुटत होत्या, मध्येच श्वास तुटायचा, पुन्हा धरायच्या. एक मेणबत्ती विझली. सासूबाईंनी दुसरीवर पदराचा आडोसा केला. ताईंनी पोळीचा तुकडा मोडला, मिठाला लावला, तोंडात घातला. गिळायला वेळ लागला. पाणी त्यांच्या केसांतून गालावर येत होतं. मग त्यांनी माझ्याकडे हात केला. "चला आता आत. मूर्ख आहात का दोघी, पावसात उभ्या?"

पुढचे दोन दिवस त्यांना खुर्चीवर बसवता आलं नाही. खिडकीतून मांडव बघायच्या. मी म्हटलं, मला तुमच्या प्रार्थना येत नाहीत, नाहीतर मी म्हटल्या असत्या. "नाही येत तर नुसती जेव," त्या म्हणाल्या. "बसायचं, खायचं, वर बघायचं. एवढंच आहे ते." तिसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्या. त्यांचा भाचा गाडी घेऊन आला आणि त्यांना कोकणात, त्यांच्या माणसांच्या दफनभूमीकडे घेऊन गेला.

गाडी गेल्यावर शेजारणी म्हणाल्या, आता ते काढून टाका, वाळलेली वेल दारात बरी दिसत नाही. सासूबाईंनीच उत्तर दिलं, "पंगत उठली नाही अजून."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मांडव झाडला. पानं करपून गळायला लागली होती, त्यामुळे आभाळ आधीपेक्षा जास्त दिसत होतं. ताईंची खुर्ची पुसली आणि होती तिथंच ठेवली. भाकरी आणि दोडक्याची भाजी घेऊन शेजारी जमिनीवर बसले, जेवले, वर बघितलं. मग ताट धुतलं आणि भेंडी तोडायला गेले. आदिलाबादच्या बाजाराची बस चुकवून चालणार नव्हतं.