हळद लावलेला कान

१२ मार्च १९५७, मंगळवार. हजर: डॉक्टरसाहेब, मी, बाटल्या धुणाऱ्या मावशी आणि साडेअकराच्या सुमारास हिंगणीकडून आलेली एक बाई.

माझ्या वहीत त्या दिवसाची नोंद एवढीच आहे. बाकीचं मला पाठ आहे.

आमची प्रयोगशाळा म्हणजे जनावरांच्या दवाखान्याची मागची खोली. दोन टेबलं, एक सूक्ष्मदर्शक, एक स्टोव्ह, दाबाच्या वाफेचं एक भांडं आणि भिंतीवर माझ्या याद्या. फुटलेल्या नळ्यांची यादी, संपत आलेल्या रसायनांची यादी, मावशींनी काय उकळायचं आणि काय नुसतं धुवायचं याची यादी. साहेब म्हणायचे, "बाई, एक दिवस तुम्ही याद्यांचीच यादी लावाल." ती होतीच, कपाटाच्या दाराला आतून.

ती बाई उंबऱ्याशी थांबली. हातात फडक्यानं तोंड बांधलेलं मातीचं बोळकं. पहाटे पायी निघाली होती, पुढे एका ट्रकवाल्यानं आणून सोडलं होतं. रविवारी तिचा बैल एकाएकी मेला, नाकातून काळं रक्त आलं. गुरांच्या कंपाउंडरनं एक कान कापून दिला, बाकीचं जनावर पुरायला लावलं आणि सांगितलं, कान तपासायला न्या. नवरा का आला नाही, हे मी विचारलं.

"ते दुसऱ्यापाशी बसले हायेत. जोडीतल्या. त्याले काल रातपासून ताप हाये, चारा नाई, पाणी नाई."

तेवढ्यावरून साऱ्या गोष्टी कळल्या. पहिला बैल फाशीनं, म्हणजे अँथ्रॅक्सच्या रोगानं गेला असेल, तर दुसऱ्याला वाचवणारा रक्तरस, म्हणजे सीरम, वेळेवर टोचायला हवा. तो नागपूरला असे आणि लेखी अहवालाशिवाय बाटली सुटत नसे. अहवालावर सही साहेबांची, आणि साहेब तीनच्या मोटारीनं नागपूरला बैठकीला निघणार होते. म्हणजे आमच्या हातात साडेतीन तास होते.

काम तसं सोपं. मेलेल्या जनावराचा तुकडा, कुजलेला असला तरी चालतो, मिठाच्या पाण्यात खळखळ उकळायचा. उष्णतेनं त्यातल्या जंतूंची कवचं फुटतात आणि आतलं द्रव्य पाण्यात उतरतं. ते पाणी गाळून बारीक नळीत तपासणीच्या रक्तरसावर अलगद सोडायचं. फाशीचे जंतू असतील तर दोन्ही मिळतात तिथं पांढरी कडी दिसते. नसतील तर काही दिसत नाही.

हातमोजे घालून मी बोळकं उघडलं. आत पोळ्याच्या झुलीचा लाल तुकडा, त्यात गुंडाळलेला कान. पिवळाधमक.

"हे काय लावलंय?"

"मीठ लावलं, बाई. मास्तरनं कागद वाचून दाखवला, मीठ लावून धाडा म्हणून."

"आणि हळद?"

"मीठ लावाचं म्हंजे हळद-मीठच लावतात ना बाई. अन् तसाच कोरडा धाडाव का त्याचा कान? आठ वर्सं घरात होता."

तो कागद माझा होता. सात सूचना, आकडे घालून, सुवाच्य अक्षरात, गावोगाव वाटलेल्या. तिसरी सूचना: नमुन्यास मीठ लावून पाठवावे. माझ्या स्वतःच्या घरी मटणाला कुणी नुसतं मीठ लावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, तरी लिहिताना ते माझ्या डोक्यात आलं नाही.

तुकडा उकळला. पाणी गढूळ पिवळं झालं. एकदा गाळलं, दोनदा गाळलं, तरी पिवळंच. अशा पाण्यात कडी दिसली तरी ती कशाची म्हणायची? साहेबांनी नळी उजेडाकडे धरली आणि ठेवून दिली.

"नमुना निकामी, असं लिहा. दुसरा कान मागवा."

"दुसरा तं गाडला साहेब," ती बाई म्हणाली. "चुना टाकून, पुरुषभर खड्ड्यात. तुमच्याच कागदात लिवलं होतं."

पाचवी सूचना. तीही माझीच.

मावशी कोपऱ्यात बाटल्या धूत होत्या, त्यांनी मान वर केली. "बाई, हळद वरवर राह्यते. लोणच्याची फोड कापून पायजा ना, दोन दिवसांत आतपर्यंत जाते का? कानाचं बूड जाड हाये. मधातलं घ्या."

"मावशी, हे तुम्ही आधी का नाही बोललात?"

"तुमच्या यादीत बोला असं नाई लिवलं."

साहेब हसले. मीही हसले असते, पण घड्याळात एक वाजून गेला होता. मी कानाचं बूड मिठाच्या पाण्यानं तीनदा धुतलं, सुरी दर वेळी ज्योतीवर धरून चारी बाजू छाटल्या आणि आतला पांढरा, बोराएवढा तुकडा काढला. तो बारीक चिरून उकळायला ठेवला. ती बाई दारातून बघत होती. कार्बोलिकनं तिचे हात मीच धुवून दिले होते आणि बोटं एकेक तपासली होती. कुठं चीर नव्हती.

स्टोव्हचा आवाज चालू होता. ती हळूच म्हणाली, "याच कानापाशी खाजवलं का मान टाकून देत होता माह्या खांद्यावर. कामाच्या वक्ती बी."

मी तिला स्टूल दिलं.

पाणी निवलं, गाळलं. या वेळी स्वच्छ उतरलं. दोन नळ्या घेतल्या. एकीत फाशीचा रक्तरस, दुसरीत निरोगी जनावराचा, म्हणजे कडी हळदीची का जंतूंची हा वाद उरायला नको. दोन्हींवर ते पाणी थेंबाथेंबानं सोडलं आणि मागं काळा कागद धरला. चौघंही वाकलो. मावशींचे हात साबणाचे होते, ते त्यांनी पाठीमागे धरले.

सहाव्या मिनिटाला पहिल्या नळीत धाग्यासारखी पांढरी कडी आली. दुसरी नळी पंधरा मिनिटं कोरी राहिली.

"हे चांगलं का वाईट?" तिनं विचारलं.

"गेला तो फाशीनंच गेला. पण आता दुसऱ्यासाठी बाटली मिळेल."

ती रडली नाही. "मंग लवकर लिवा ना बाई," म्हणाली.

मी लिहिलं, साहेबांनी सही केली आणि त्यांना मोटार मिळाली. बाटली त्यांनी त्याच संध्याकाळी एका ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर परत पाठवली आणि बुधवारी सकाळी कंपाउंडरनं बैलाला टोचली. शनिवारी तिच्या नवऱ्याचा निरोप आला: ताप उतरला, कडबा खाऊन राह्यला, बाईले सांगजा.

जाताना तिनं विचारलं होतं, "तो झुलीचा तुकडा भेटन का परत? दोघायची एकाच कापडाची हाये."

नियमानं तो जाळायचा. मी "नाही" म्हणाले आणि ती गेली. मग मी तो वाफेच्या भांड्यात घातला, पूर्ण दाबावर, लागोपाठ तीन दिवस. जंतूंचं काही उरलं नसणार. लाल रंग विटला, काठाची एक टिकली गळाली, हळदीचा डाग मात्र तसाच राहिला. उन्हात वाळवून, घडी करून खणात ठेवला.

सूचनांचा कागद मी त्याच आठवड्यात नव्यानं लिहिला. तिसऱ्या सूचनेपुढे आता "फक्त मीठ, हळद नको" असं आहे, आणि आठवी सूचना मावशींनी सांगितल्याप्रमाणे घातली आहे: कान जाड बुडासकट कापावा. ती कामं यादीतून खोडली. त्यानंतर दोन पोळे झाले. दोन्ही वेळा हिंगणीला जायचं ठरलं, एकदा बोर नदीला पूर होता, एकदा साहेबांची बदली निघाली. या महिन्याच्या यादीतही पहिल्या ओळीवर तेच आहे, खोडायचं राहिलेलं: झूल पोहोचवणे.